बेसूर वाजवायचा हक्क

१४ एप्रिलला भडकल गेटला उभं राहून पोस्टर बघा. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक असतं. संविधान असतं. खिशाला पेन असतं. बोट पुढं केलेलं असतं. अलीकडं कोटाच्या बटणापर्यंत सगळं निळंशार असतं. शेकडो पोस्टरांत एकातही त्यांच्या हातात व्हायोलिन नसतं.

कुणी म्हणेल, आता हे व्हायोलिन कुठून काढलंस बाबा? तर मी काढलेलं नाही. ते होतंच. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, पन्नाशी कधीच मागं पडल्यावर, बाबासाहेबांनी शिक्षक लावून व्हायोलिन शिकायला घेतलं. ते व्हायोलिन आजही आहे. पुण्यात सेनापती बापट रस्त्याला सिम्बायोसिसचं डॉ. आंबेडकर संग्रहालय आहे, तिथं माईसाहेबांनी दिलेल्या त्यांच्या वापरातल्या वस्तूंत ते ठेवलेलं आहे. खुर्ची, पलंग, कपडे आणि व्हायोलिन. लोक खुर्चीपुढं थांबतात, पलंगापुढं डोळे पुसतात नि व्हायोलिनपुढून पुढं सरकतात. काय करायचं त्या वस्तूचं ते आपल्याला कळत नाही. म्हणून हा लेख.

अलीकडं मोबाईलवर एक मजकूर फिरतो. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी, भाषांची यादी, पुस्तकांची यादी, आणि शेवटी शेपटासारखं एक वाक्य की ते व्हायोलिनसुद्धा वाजवायचे. माझं भांडण ह्या वाक्यातल्या क्रियापदाशी आहे. वाजवायचे? नाही. शिकत होते. ह्या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते ज्यानं तिसाव्या दिवशी सुद्धा 'सा' सरळ काढला नाही त्याला विचारा. 'वाजवायचे' म्हटलं की आणखी एक पदवी झाली, आणखी एक पदक. बत्तिसावी कला. 'शिकत होते' म्हटलं की एक म्हातारपणाकडं झुकलेला माणूस दिसतो. मधुमेहानं नि पायांच्या दुखण्यानं तो पोखरलेला आहे, नजर अधू झालेली आहे, नि समोर शिक्षक बसलेला असताना तो तारेवर बोट ठेवून चुकतो आहे. ज्यानं घटनेचा मसुदा घटना समितीसमोर कलमागून कलम लढवला, तो माणूस शिक्षकाला विचारतो आहे की बोट इथं का तिथं.

हे चित्र आपल्या एकाही गाण्यात नाही. आपल्या गाण्यांत बाबासाहेब कशातच विद्यार्थी नसतात. कोलंबियात गेले तरी ते तिथल्या लोकांना शिकवायलाच गेल्यासारखे जातात. मी शाहिरांचा अपमान करत नाही, त्यांच्याच गाण्यावर मी वाढलो. जलसा भाषणाहून मोठा, असं बाबासाहेबच म्हणाल्याचं आपण सगळे एकमेकांना सांगतो, मीही सांगतो. पण ज्याला आपण जन्मतः सर्वज्ञ करून टाकला त्याच्याकडून काय शिकता येतं? त्याला हार घालता येतो. सर्वज्ञ माणूस ही कल्पना आपली नाही मित्रहो. ती त्या दुसऱ्यांची आहे. त्यांच्यात पोर पोटातच ज्ञान घेऊन येतं.

आता माझं सांगतो, कारण ह्या विषयात पुस्तकातून बोलण्यात अर्थ नाही.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. सव्वीसावं चालू आहे. गेल्या दिवाळीच्या बोनसातून साडेचार हजाराला एक व्हायोलिन घेतलं, चिनी बनावटीचं, पेटीसकट. शिकवणी नाही. गुरू म्हणाल तर मोबाईलवरचे व्हिडीओ आणि आमच्या गल्लीतले बँडवाले मामा. मामा मातंग समाजाचे. लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवतात, पन्नास वर्षं झाली. त्यांनी व्हायोलिन कधी हातात धरलेलं नाही. पण ते क्लॅरिनेटवर 'सा' धरून बसतात नि मी तारेवर तो शोधत बसतो. त्यांचं म्हणणं एवढंच : "पोरा, सा कुठं हाय ते बोटाला नको इचारू. कानाला इचार."

ह्या वाद्याचा सगळा छळ ह्याच एका गोष्टीत आहे. सतारीला पडदे असतात. पेटीला पट्ट्या असतात, दाबली की सूर आला, तो सूर पेटी बनवणाऱ्यानं आधीच लावून ठेवलेला असतो. व्हायोलिनच्या पट्टीवर काहीच नसतं. काळं गुळगुळीत लाकूड. चार तारा. सूर कुठं आहे ते तुमचं तुम्ही शोधायचं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढं बोट इकडंतिकडं झालं की गेला. शिकाऊ लोक पट्टीवर चिकटपट्टीच्या खुणा लावतात. मीही लावल्या आहेत. विलायतेत ह्या चार तारांचे चार वेगळे सूर ठरलेले असतात, आपल्याकडं बहुतेक जण सा नि प ह्या दोनच सुरांत त्या लावतात, नि खाली बसून वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवतात. मांडी घालून बसायचं असल्यामुळं मला ते बरं पडलं. गिरणीत आठ तास उभंच असतो.

गजाचं आणखी वेगळं. काठीला घोड्याच्या शेपटीचे दीडएकशे केस ताणून बांधलेले असतात. त्याला राळ लावल्याशिवाय तो मुका. राळ लागली की केस तारेला धरतो, ओढतो, सोडतो, परत धरतो, एका सेकंदात शेकडो वेळा. त्या धरण्या-सोडण्यातून आवाज होतो. जोर जास्त झाला की तार किंचाळते. कमी झाला की नुसती फुसफुस. बाजूच्या खोलीतल्या मावशी पहिल्या आठवड्यात विचारायला आल्या, मांजर अडकलंय का कुठं. मग मी घोडीवर बसवायचा रबरी म्यूट आणला, चाळीतल्या माणसाला तो लागतोच. आता मावशी म्हणतात, मांजर लांब गेलं वाटतं.

रिंग फ्रेमवर जो उभा राहिला त्याला ही भानगड नवी वाटणार नाही. तिथं चातीभोवती रिंगेवर ट्रॅव्हलर फिरतो. तो जड पडला की धागा तुटतो, हलका पडला की धागा फुगत जातो नि बॉबिन पोचट भरते. माझं काम तुटलेला धागा सांधायचं. अंगठा नि पहिलं बोट, चाती चालू असतानाच. ह्या बोटांना ताण कळतो. कुणी मला संगीत शिकवलं नसेल, पण ताण शिकवला आहे. फक्त तो पाळीत वापरायचा म्हणून शिकवला, माझ्यासाठी नाही. पिंजाऱ्याच्या कमानीची तात आमच्या लहानपणी गल्लीत वाजायची, तीही तंतूच होती, पण तिला कुणी वाद्य म्हणालं नाही. ती कापसासाठी होती.

सुरुवातीला मी एका क्लासमध्ये गेलो होतो. शहरातला, चांगल्या वस्तीतला, नाव घेत नाही. फॉर्म भरताना आडनाव वाचून तिथले सर हसले. चांगलंच हसले, वाईट नाही. म्हणाले, "अरे, तुमच्याकडं ताल रक्तात असतो. हलगी, ढोलकी. तू तबल्याला बस, लवकर हात बसेल. व्हायोलिन फार लहानपणापासून लागतं."

मी फी परत मागितली नाही, भरलीच नव्हती. बाहेर आलो.

ह्या बोलण्यात शिवी नाही. अपमान नाही. उलट कौतुक आहे. म्हणून ते जास्त तपासलं पाहिजे. पहिली गोष्ट, आमच्या घरात हलगी नव्हती. माझ्या पणज्याच्या हातात येसकराची काठी होती नि खांद्यावर मेलेलं ढोर होतं. १९५६ नंतर आजोबांनी दोन्ही टाकलं. हलगी मातंगांची. पण सरांच्या लेखी सगळे एकच. आणि बँडवाले मामा, ज्यांच्या घरात हलगी होती, त्यांनी ती बाजूला ठेवून क्लॅरिनेट घेतलं, म्हंजे जे रक्तात नव्हतं तेच पन्नास वर्षं वाजवलं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही सगळी विलायती वाद्यं मराठवाड्यातल्या वस्त्यांत कधीची आलेली आहेत. आपल्या माणसांनी ती कानानं शिकून घेतली, नोटेशन नाही, क्लास नाही. वरातीत पुढं नाचणाऱ्यांना ते दिसलं नाही. कारण मजूर वाजवत होता. मजूर वाजवतो तेव्हा ते 'वाजंत्री' होतं, संगीत होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेच्या विध्वंसनावरच्या त्या न झालेल्या भाषणात जातीच्या बचावातला श्रमविभागणीचा मुद्दा घेतला आहे. त्यांचा प्रतिवाद तुम्ही सगळ्यांनी वाचला आहे : ही श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, नि ती माणसाच्या कुवतीवर नाही तर आईबापांच्या दर्जावर ठरते. मग 'ताल रक्तात असतो' हे वाक्य काय आहे? त्याच चातुर्वर्ण्याची गोड बोलणारी आवृत्ती. आईबापांनी जे केलं ते तू लवकर शिकशील, बाकीचं तुला उशिरा येईल, म्हणून नकोच शिकू.

इथवर टाळ्या पडतील. आता ज्यावर पडणार नाहीत ते.

हेच वाक्य आपल्या कवितांत आहे. ह्याच अंकांत, मागच्या अंकांत, आपल्या संमेलनांत. हलगी आमच्या रक्तात, डफ आमच्या हाडांत, आमच्या नसांत ढोलकी. कुठल्याही नव्या पोराची वही उघडा, दहा कवितांत तीन हलग्या सापडतील, आणि त्यातला निम्म्यांहून अधिक पोरांनी हलगी शेकून तापवायची कशी ते पाहिलेलं नसतं. त्याच वह्यांत व्हायोलिन किंवा सतार आली की ती शत्रूच्या दिवाणखान्यात असते. पियानो असेल तर मालकाची पोरगी वाजवते. ह्याला मी विद्रोह म्हणत नाही. वाद्यांची जुनीच वाटणी आपण मान्य केली आहे, फक्त आपल्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागाला शिवीऐवजी शाबासकी दिली. हलगीला मान मिळालाच पाहिजे, ती शिकायला कठीण आहे, तिचे बोल वर्षानुवर्षं घोटावे लागतात. म्हणूनच 'रक्तात आहे' म्हणणं हा हलगी वाजवणाऱ्याचाही अपमान. त्याच्या मेहनतीवर तुम्ही जन्माचं लेबल चिकटवता. रक्तात ताल असता तर हलगीवाल्याच्या पोराच्या बोटांना फोड आले नसते.

व्हायोलिनकडं परत येतो. काही मित्र म्हणतात, हे वाद्य बाहेरचं, ह्याला जात नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते निवडलं असेल. बाबासाहेबांनी ते का निवडलं ह्यावर मी अंदाज बांधणार नाही. पण वाद्याला जात नाही हे खोटं. इटलीतून निघालेलं हे वाद्य साहेबांबरोबर मद्रासकडं आलं, नि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बाळुस्वामी दीक्षितारांनी ते कर्नाटक संगीतात घेतलं. दीक्षितार हे ब्राह्मण घराणं, मुथ्थुस्वामींचे ते धाकटे भाऊ. बघता बघता ते तिथल्या प्रत्येक मैफलीत गायकाच्या बाजूला जाऊन बसलं. परदेशी वाद्याला सोवळ्यात घ्यायला शंभर वर्षंही लागली नाहीत. माणसाला घ्यायला किती लागली ते मोजा.

वाद्य बनतं कशाचं तेही विचारा. व्हायोलिनच्या तारा पूर्वी जनावराच्या आतड्याच्या तातेच्या असायच्या. मृदंगाचं तोंड गाईच्या, म्हशीच्या, बकऱ्याच्या चामड्याचं. टी. एम. कृष्णा ह्या गायकानं २०२० साली मृदंग बनवणाऱ्यांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. मृदंग बनवणारी बहुतेक घरं दलित ख्रिश्चनांची, वाजवणारे बहुतेक ब्राह्मण. चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं. कातडं काढणारा बाटलेला, त्याच कातड्यावर थाप मारणारा पवित्र. आमच्या पणज्यानं ओढलेल्या ढोराचं कातडं कुठल्या पखवाजावर चढलं असेल देव जाणे. देव कसला, चांभार जाणे.

मात्र ह्याच व्हायोलिनची दुसरीही वाट आहे, ती आपल्याला जवळची आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना सूर वाचायला नि व्हायोलिन धरायला शिकवत. अशा गावांतून आलेली माणसं मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. चाळीस-पन्नासच्या दशकांपासून तुम्ही ऐकलेल्या हिंदी गाण्यांच्या मागं जे व्हायोलिनांचं पूर येतो, त्यात ही गोव्याची माणसं आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले नि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांच्या नावाचं गाणं करून गुरुदक्षिणा दिली. आपण त्या गाण्यावर नाचलो, अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता हे कुणाला ठाऊक नव्हतं. गोव्यातही जात होती, ख्रिश्चनांतही होती, मी त्याला स्वर्ग म्हणत नाही. पण एवढं त्यातून दिसतं की जिथं शाळा होती तिथं व्हायोलिन आलं. शाळेनं आलं. रक्तानं नाही.

आता आपल्या कार्यकर्त्यांचे आक्षेप. मला तोंडावर केलेले आहेत म्हणून लिहितो.

एक मित्र म्हणाला, धम्मात संगीत बसत नाही. त्याला अष्टशील आठवत होतं. अष्टशीलात नाच-गाणं-वादन वर्ज्य आहे हे खरं. पण ते उपोसथाच्या दिवशी ते शील घेणाऱ्यांसाठी नि भिक्खूंसाठी. आपण रोज म्हणतो ते पंचशील, त्यात व्हायोलिनच्या विरोधात काही नाही. आणि मित्रा, विद्यापीठाच्या मागं डोंगरात लेणी आहेत ती तू पाहिली आहेस. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे तिकडं चढून गेलो होतो. सातव्या लेण्यात आत जा, गाभाऱ्यात. बुद्ध बसलेले आहेत, नि डाव्या भिंतीवर एक बाई नाचते आहे नि तिच्या दोन्ही बाजूंना बायका वाद्यं घेऊन बसलेल्या आहेत. सहाव्या शतकातलं काम. कोरणाऱ्यानं ते दाराबाहेर नाही ठेवलं, अंगणात नाही ठेवलं, बुद्धाच्या शेजारी ठेवलं. चौदाशे वर्षं बुद्ध ते ऐकत बसले आहेत. तुझ्यापेक्षा त्यांना धम्म जास्त कळत असावा.

पाली साहित्यात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. श्रीमंताचा पोरगा, अंगानं नाजूक. संघात आला नि एवढ्या जिद्दीनं चंक्रमण करत राहिला की तळपायातून रक्त आलं. जमेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. हा सोण पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धानं त्याला वीणेबद्दलच विचारलं : तारा फार ताणल्या की वीणा वाजते का, फार ढिल्या सोडल्या की वाजते का. सोण नाही म्हणाला, नि त्यातून त्याला काय करायचं ते कळलं. मी ही गोष्ट विहारात बऱ्याचदा ऐकली. प्रत्येक वेळी प्रवचन देणारे मध्यम मार्गावर आले नि वीणा तिथंच सोडून दिली. माझं लक्ष दुसरीकडं जातं. बुद्धानं सोणला त्याच्या हातांना जे येत होतं त्यातून शिकवलं. तार लावता येणं हे ज्ञान आहे असं मानलं. भिक्खू झालास, आता वीणा विसर, असं म्हटलं नाही. गिरणीतल्या माणसाशी कुणी असं बोललेलं मला आठवत नाही, की धागा सांधताना ताण किती ठेवतोस, त्यावरून सांगतो. ज्या काळात बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहीत होते त्याच काळाच्या आसपास त्यांच्या खोलीत व्हायोलिन होतं. ह्या दोन गोष्टींना मी धाग्यानं बांधत नाही. पण एकीमुळं दुसरीला मनाई झाली नाही एवढं तर दिसतं.

ह्यापुढचा आक्षेप जड आहे. वेळ कुठंय? अत्याचाराच्या केसेस आहेत, शिष्यवृत्ती अडकलेली आहे, वसतिगृहात पाणी नाही, नि तू सा रे ग म करतोस?

हा आक्षेप मला मान्य आहे नि नाही. मान्य ह्यासाठी की मोर्चाच्या दिवशी मी पेटी उघडत नाही. नाही ह्यासाठी की 'वेळ' हा शब्द बाबासाहेबांच्या कामात कुठं आहे ते आपण विसरलो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आपण पोस्टरवर लिहितो की त्यांनी कामाचे चौदा तास होते ते आठ केले. पोस्टर लिहिणाऱ्यानं कायदा वाचावा. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास होते, १९४६ च्या दुरुस्तीनं ते ४८ झाले. सहा तास. ऐकायला थोडे वाटतात. खरी गोष्ट पोस्टरपेक्षा लहान आहे, पण ती खरी असल्यामुळं मला ती मोठी वाटते. आठवड्याचे सहा तास म्हंजे रोज एक तास. माझा रोजचा सराव एक तासाचा आहे. मी हिशोब मांडत नाही, तो आपोआप मांडला जातो.

आणि आता, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील म्हणतात, जादा तासांना कामगाराची संमती लागेल म्हणतात. तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा मात्र ११५ तासांवरून १४४ करायचं ठरलं. कंत्राटावरच्या कामगाराची संमती कशी घेतात ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मुकादम विचारतो, "थांबतोस ना?" त्यातलं 'ना' हीच संमती. बारा तास उभं राहून आलेला माणूस काय शिकेल? व्हायोलिन सोडा, तो पोराच्या वहीवर नजर टाकेल का, तुमच्या अभ्यासवर्गाला येईल का? तुम्ही मला विचारता वेळ कुठंय, नि वेळ काढून घेणाऱ्याविरुद्ध आपल्या पत्रकात दोन ओळी आल्या. ह्यावर पत्रक काढा, सही पहिली माझी.

मला शिकायचंय म्हंजे मला वाईट वाजवायला वेळ पाहिजे. चांगलं वाजवणाऱ्याला मंच मिळतो, सत्कार मिळतो, 'आपल्या समाजातला पहिला' अशी बातमी येते. आपल्या पोरानं पहिलं आलंच पाहिजे हा आपल्यावरचा जुना बोजा आहे. तो का आला ते मला कळतं. एक चूक झाली की 'कोट्यातला' म्हणायला लोक टपलेलेच असतात, म्हणून आपली पोरं चुकायलाच भितात. वर्गात हात वर करत नाहीत. इंग्रजी बोलत नाहीत, पूर्ण यायला लागेल तेव्हाच बोलू म्हणतात, नि मग कधीच बोलत नाहीत. पांढरपेशाचं पोरगं चार वर्षं घरात कर्कश वाजवतं, आजी कौतुकानं कान झाकते, कुणी त्याच्या जातीवर जात नाही. त्याला बेसूर व्हायची मुभा वारशात मिळते. घर, वेगळी खोली, आजी. आपल्याला ती मुभा कुठंतरी बनवावी लागणार.

म्हणून त्या संग्रहालयातल्या व्हायोलिनबद्दल माझं म्हणणं असं आहे की त्याला सिद्धीचा पुरावा करू नका. त्या तारांवर बाबासाहेबांचे चुकलेले सूर वाजले आहेत. ज्या माणसाकडं जगातल्या कुणालाही सिद्ध करून दाखवायचं काही उरलं नव्हतं, तो पहिलीच्या पोरासारखा बसला. आपल्या एखाद्या चित्रकारानं हे काढावं. सूट-बूट नको. घरातला सदरा, डोळ्यांवर चश्मा, कपाळाला आठ्या, नि गज थोडा वाकडा धरलेला. जयंतीला कुणी ते लावणार नाही कदाचित. मी माझ्या खोलीत लावीन.

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत रात्री साडेआठनंतर कुणी नसतं, अभ्यासिकेची पोरं तोवर गेलेली असतात. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात मी तिथं असतो. मामा क्लॅरिनेट घेऊन येतात, लग्नसराई नसेल तर. एक व्हायोलिन आहे, गज दोन आहेत, राळेची वडी नवी आहे. तीन पोरं नि एक नर्सिंगची मुलगी अशी चार जणं आत्ता येतात, पाळीपाळीनं दहा-दहा मिनिटं वाजवतात. दुसऱ्या व्हायोलिनसाठी वर्गणी चालू आहे, अकराशे जमले आहेत. यायचं असेल त्यानं यावं. डाव्या हाताची नखं कापून यावं, नाहीतर तार दाबली जात नाही.